फुगलेली बॅटरी

आपल्या भाषेत माणूस रागावला म्हणजे फुगतो, पुरी तळली म्हणजे फुगते, नदीला पूर आला म्हणजे तीही फुगते, आणि एखाद्याला थोडेसे यश लाभले की त्याची छाती फुगते. इतक्या निरनिराळ्या प्रसंगी उपयोगी पडणारे हे क्रियापद एके दिवशी माझ्या विमानाच्या बॅटरीलाही लागू पडेल असे मात्र मला कधी वाटले नव्हते. पावसाळा सरत आला होता. चार महिने माळ्यावर पडून असलेली विमानाची पेटी मी खाली काढली, झाकण उघडले, आणि पाहतो तो आतल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक मध्यभागी चांगलीच वर आलेली! एरवी ती वडीसारखी चपटी आणि रेखीव असावयाची. आता बोटाने दाबली तर उशीसारखी दबली आणि बोट उचलताच पुन्हा वर आली. दुसरीनेही किंचित अंग धरले होते. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पत्नीने दोघींकडे एकवार पाहिले आणि म्हटले, "चार महिने साधी विचारपूस नाही केलीत. रुसून बसल्या असतील."

मी हसलो. तिच्या थट्टेत अर्धे निदान होते हे कळावयास मला पुढे महिनाभर लागला. उरलेले अर्धे कळण्यासाठी जी किंमत द्यावी लागली, ती तर मी दिलीच नाही. ती दुसऱ्याच कोणी दिली.

पन्नाशी उलटलेल्या आणि आयुष्यभर तर्कशास्त्र शिकविणाऱ्या गृहस्थाने बिनतारी यंत्रावर चालणारे खेळण्यातले विमान उडवावे, हे पुष्कळांना विपरीत वाटते. मला त्याचे समर्थन करावयाचे नाही. मिरजेबाहेर ज्वारीची रानं मोकळी झाली म्हणजे फाल्गुनातल्या सकाळी तेथे जो एक सपाट, पिवळसर एकांत पसरतो, त्यात उभे राहून नऊशे ग्रॅम वजनाची वस्तू आपल्या अंगठ्याच्या इशाऱ्याने आकाशात वळताना पाहणे, यात मला जे सुख होते ते मी कोणत्याही युक्तिवादाने सिद्ध करू शकणार नाही. मुले नोकऱ्यांच्या निमित्ताने दूर गेली, घरात शांतता वाढली, आणि त्या शांततेत एक दिवस हे विमान आले, एवढेच सांगतो.

या विमानाचा प्राण म्हणजे त्याची बॅटरी. लिथियम हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून पडले त्याचा अर्थ दगड. १८१७ साली एका खनिजात हा धातू सापडला म्हणून त्याला ते मिळाले. नाव दगडाचे असले तरी धातूंमध्ये याच्याइतका हलका दुसरा नाही, आणि म्हणूनच उडणाऱ्या वस्तूंना तो मानवला. लिथियमच्या पुन्हापुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्या १९९१ साली बाजारात आल्या. ज्या संशोधनावर त्या उभ्या आहेत त्याबद्दल २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना विभागून देण्यात आले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय सत्त्याण्णव वर्षांचे होते. पन्नाशीनंतर विमान उडविणाऱ्याला हा आकडा मोठा धीर देतो.

माझ्या बॅटरीत असे तीन कोष एकापुढे एक जोडलेले होते. प्रत्येक कोष पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्ट दाखवितो, आणि भाराखाली तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यावयाचा नाही असा दंडक आहे. कोषाच्या पोटात तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप असतो, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्टच्या संयुगाचा असतो, आणि दोहोंच्या मध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा असतो. हे सारे एका ज्वालाग्राही द्रवात भिजविलेले असते. लिथियमचे कण भरताना एका बाजूस आणि वापरताना दुसऱ्या बाजूस जातात. विणकराच्या मागावर धोटा इकडून तिकडे फिरावा तशी ही ये-जा शेकडो वेळा चालते. परंतु या धोट्याला वेगाची, उष्णतेची आणि मर्यादेची फार चाड असते. कोष तापला, मर्यादेपेक्षा अधिक भरला किंवा अधिक रिता केला, तर आतला द्रव विघटित होऊ लागतो, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, एथिलीन असे वायू निर्माण होतात. वरचे आवरण मऊ पिशवीचे असल्यामुळे वायूला जागा करून देताना ते फुगते. हा वायू पुन्हा द्रव होत नाही. म्हणजे रुसलेले माणूस समजुतीने पूर्ववत होते, तसे या रुसण्याचे नाही.

एका अर्थी हे फुगणे उपकारकच म्हटले पाहिजे. पोलादी नळकांड्यात बंद केलेल्या कोषाच्या आत काय चालले आहे ते वरून दिसत नाही. ही पिशवी बिचारी मन झाकून ठेवीत नाही. संसारातसुद्धा, जे माणूस गाल फुगवून बसते त्याच्यापेक्षा जे काहीच दिसू देत नाही त्याचीच धास्ती अधिक बाळगावी, असा माझा अनुभव आहे.

तर्कशास्त्राच्या प्राध्यापकापुढे असे कार्य ठेवले म्हणजे तो कारणाच्या शोधास लागणार हे ओघानेच आले. अन्वय आणि व्यतिरेक या दोन पद्धती मी तीस वर्षे फळ्यावर मांडीत आलो आहे. जेथे जेथे परिणाम आहे तेथे तेथे समान काय आहे ते पाहावे, आणि एक गोष्ट वगळताच परिणाम नाहीसा होतो की काय ते तपासावे. पद्धती निर्दोष आहेत. त्यांचा एकच दोष असा, की कोणकोणत्या गोष्टी तपासावयाच्या त्यांची यादी तपासणाऱ्याने स्वतःच करावयाची असते. माझ्या यादीत पहिले नाव दुकानदाराचे होते, दुसरे उन्हाचे आणि तिसरे मोटरीचे. माझे नाव त्यात नव्हते.

एप्रिल-मे महिन्यांतच या बॅटऱ्या विमान उतरल्यावर हातात धरवत नसत, हे मला आठवले. उड्डाणानंतर बॅटरी कोमट असावी, मुठीत सुखाने धरता यावी. साठ अंशांच्या वर ती गेली तर तिचे आयुष्य झपाट्याने झिजू लागते. मी तेव्हा "उन्हाळाच तसा आहे" असे म्हणून मोकळा झालो होतो. आता ऑक्टोबरात नवी बॅटरी आणली, विजेचा प्रवाह मोजणारे एक छोटे यंत्र आणले, विमान अंगणात दोरीने खुंटीला बांधले आणि मोटर पूर्ण जोराने चालविली. काटा एकतीस अँपिअरवर गेला. मोटरीच्या कागदावर सोळाच्या आसपास अपेक्षित होते.

कारण शोधावयास दूर जावे लागले नाही. ते विमानाच्या नाकावरच होते. मूळचा पंखा नऊ इंचांचा होता. मार्च महिन्यात आमचे एक सहकारी माळावर आले होते. विमान पाहून ते म्हणाले, "छान आहे, पण बैलगाडी चढावर जावी तसे वर जाते, नाही?" ते एवढे बोलून गेले, आणि मी दुसऱ्याच दिवशी अकरा इंचांचा, अधिक पिळाचा पंखा मागविला. दोन इंचांनी काय होते, असे वाटेल. परंतु फेरे तेवढेच राखावयाचे म्हटले तर पंख्याचा भार त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो; नवाचे अकरा इंच झाले की भार दुपटीहून अधिक झाला. मोटर तो भार निमूटपणे उचलते आणि देयक बॅटरीकडे पाठविते. जुना पंखा बसविताच काटा सोळावर आला. व्यतिरेकाचे याहून स्वच्छ उदाहरण मला पाठ्यपुस्तकात कधी मिळाले नाही.

बॅटरीवर तर ती पंचावन्न अँपिअर देऊ शकेल अशा अर्थाचा आकडा छापलेला होता. मग एकतीस तिला जड का व्हावेत? येथे दुसरा धडा मिळाला. असे छापील आकडे लग्नाच्या बाजारातल्या स्थळवर्णनासारखे उदार असतात, हे एक. आणि प्रत्येक कोषाला स्वतःचा अंतर्गत रोध असतो व तो वयाबरोबर वाढतो, हे दुसरे. माझा नवा कोष सहा मिलिओहम दाखवीत होता. फुगलेल्या बॅटरीतले कोष विसाच्या घरात होते. उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून येते. म्हणजे नवी बॅटरी आणि जुना पंखा असता बॅटरीच्या पोटात पाच वॅटहूनही कमी उष्णता निर्माण होत होती. जुनी बॅटरी आणि मोठा पंखा असता ती जवळजवळ साठ वॅट होते. पूर्वी आमच्या ओसरीवर साठ वॅटचा दिवा असे, आणि तो पेटलेला असताना त्याला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. तेवढी धग मी दोनशे ग्रॅमच्या पुडक्यात कोंडीत होतो. शिवाय बॅटरी हलू नये म्हणून तिच्याभोवती स्पंजची जाड पट्टी गुंडाळली होती, आणि धूळ जाऊ नये म्हणून विमानाच्या पोटातली मागची फट चिकटपट्टीने बंद केली होती. पुढून वारा आत येण्याची सोय होती. बाहेर जाण्याची नव्हती, आणि बाहेर पडावयास वाट नसली म्हणजे वारा आतही येत नाही. मेच्या उन्हात मी तापकऱ्याला गोधडी पांघरून खिडकी लावून घेतली होती.

तिसरा पुरावा चार्जरने आधीच दिला होता. मीच तो वाचला नव्हता. माझ्या बॅटरीची क्षमता २२०० मिलिअँपिअर-तास. तिच्यातले चार-पंचमांश, म्हणजे १७६० पर्यंतच, वापरावे आणि बाकीचे शिलकीत राहू द्यावे असा सुज्ञांचा संकेत आहे. पंखा बदलल्यावरही मी घड्याळ पूर्वीप्रमाणे आठ मिनिटांचेच लावीत होतो. घरी येऊन भरताना किती परत घातले तो आकडा चार्जर दर वेळी दाखवी: २०५०, २१००, २१२०. दर रविवारी मी तिला तळापर्यंत खरवडीत होतो, आणि ती गरम असतानाच पुन्हा भरावयास लावीत होतो, कारण मला दुसरे उड्डाण करण्याची घाई असे.

आणि शेवटचा पुरावा पत्नीच्या थट्टेत होता. मेअखेरीस एका संध्याकाळी दोन्ही बॅटऱ्या काठोकाठ भरून मी माळावर निघालो. इतक्यात वळीव आला. मी पेटी बंद केली, पत्र्याखालच्या माळ्यावर टाकली, आणि पुढे परीक्षा, प्रवेश, पाऊस यांत ती विसरून गेलो. या बॅटऱ्या ठेवून द्यावयाच्या असल्या तर सुमारे ३.८ व्होल्टवर, म्हणजे जेमतेम निम्म्या भरून, थंड जागी ठेवाव्या लागतात. पूर्ण भरलेला कोष उष्ण जागी पडून राहिला तर त्याच्या आत क्रिया चालूच राहते आणि वायू जमत जातो. माझ्या बॅटऱ्या भरल्या पोटी पत्र्याच्या धगीखाली कोंडल्या गेल्या होत्या. रुसल्या म्हणजे काही वावगे केले नाही.

या सगळ्या तपासात एक गोष्ट मला शिक्षक म्हणून विशेष बोचली. फुगलेल्या बॅटरीचा एकूण व्होल्टेज मोजला तर तो फारसा वाईट नव्हता. पण तिन्ही कोष वेगवेगळे मोजले तेव्हा दोन ४.१ वर होते आणि तिसरा ३.७ वर उतरला होता. तो आतल्या आत गळत होता, आणि दोघांच्या बेरजेमागे त्याचा अशक्तपणा झाकला जात होता. वर्गाची सरासरी चांगली आहे म्हणून समाधान मानणाऱ्या प्राध्यापकाला मागच्या बाकावरचा जो एक मुलगा कधी दिसत नाही, तो हाच. म्हणूनच चांगल्या चार्जरला मुख्य तारांखेरीज बारीक तारांची एक वेगळी जोडणी असते. ती प्रत्येक कोषाची नाडी स्वतंत्रपणे पाहते व तिघांना एका पातळीवर आणते.

असो. महिनाभरात मी या विषयात पंडित झालो. लहान पंखा लावला, स्पंज काढला, फट मोकळी केली, घड्याळ सहा मिनिटांवर आणले. नवी बॅटरी आता कोमट उतरू लागली. मी इतका प्रसन्न होतो की महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात दोन सहकाऱ्यांना अडवून मी त्यांना चौथ्या घाताचा नियम समजावून सांगितला. दोन्ही जुन्या बॅटऱ्या टेबलाच्या खणात पडल्या होत्या. फुगलेली बॅटरी पुन्हा भरू नये, तिला टोचू नये, दाबू नये, ती निकालात काढावी, हे मला आता पूर्णपणे ठाऊक होते. मी हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे घडले ते अज्ञानामुळे घडले अशी सबब मला घेता येऊ नये.

आमच्या महाविद्यालयात विज्ञानशाखेच्या पहिल्या वर्षाला असलेला एक मुलगा दर रविवारी सायकलवरून माळावर येत असे. सुरुवातीला तो लांब उभा राही. मग विमान उचलून आणू लागला, मग प्रश्न विचारू लागला. त्याचे वडील तंबोरे करतात. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचा कारखाना. मुलाने वडिलांच्या हत्यारांनी, पुठ्ठ्याचे आणि थर्माकोलचे एक विमान तयार केले होते. मोटर त्याने साठविलेल्या पैशांतून घेतली होती. बॅटरीपाशी पैसे संपले. नोव्हेंबरात एके दिवशी तो मला घरी भेटावयास आला. त्याने काही मागितले नाही. टेबलाच्या उघड्या खणाकडे मात्र त्याची नजर गेली आणि तेथेच थांबली.

मी ती फुगलेली बॅटरी उचलून त्याच्या हातात ठेवली. "थोडी फुगली आहे, पण शिकाऊ विमानाला चालेल. जरा जपून वापर," मी म्हटले.

'चालेल' या शब्दाइतका सोयीचा शब्द आपल्या भाषेत दुसरा नसेल. चहात साखर कमी आहे, चालेल. उत्तरपत्रिकेत निम्मे उत्तर आहे, चालेल. बोलणाऱ्याला त्यात उदारपणाचे श्रेय मिळते आणि परिणामाची जबाबदारी काही घ्यावी लागत नाही. तीच बॅटरी मी माझ्या विमानात घालणार होतो का? नाही. मग त्याच्या विमानात ती कशी चालणार होती, हा प्रश्न अन्वय-व्यतिरेक शिकविणाऱ्या माझ्या मनात आला नाही. किंबहुना तो आला होता, आणि मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मी त्याला बाहेर उभे ठेवले, असेच म्हटले पाहिजे. तुझा चार्जर कोणता आहे, एवढे विचारण्याचेही मला सुचले नाही.

त्याचा चार्जर साधा होता. तो फक्त तिन्ही कोषांची बेरीज पाही, बेरीज १२.६ व्होल्ट झाली की थांबावयाचे, इतकेच त्याला ठाऊक. आता गळणारा कोष ३.८ वरच रेंगाळला तर बाकीच्या दोघांवर ४.४ पर्यंत चढण्याची पाळी येते, आणि ४.२ च्या पलीकडे या कोषांच्या आत काय होते ते मी वर सांगितले आहे. पुढची साखळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून सर्वनाशापर्यंत सांगितलेल्या साखळीसारखी आहे: उष्णतेने क्रिया वाढते, क्रियेने उष्णता वाढते, मधला पडदा वितळतो, आणि मग कोणाचेच काही चालत नाही. बाहेरची हवा तोडली तरी ही आग विझेलच असे नाही, कारण तापलेले संयुग आतून स्वतःचा प्राणवायू सोडीत असते. तिच्या धुरातही विषारी वायू असतात. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ जातीच्या विमानांत अशाच बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि धूर सोडला, तेव्हा जगातली त्या जातीची सगळी विमाने काही महिने जमिनीवर ठेवावी लागली. जेथे नामांकित अभियंत्यांची फसगत झाली, तेथे एका मुलाने एकट्याने काय करावे?

त्याने रात्री अभ्यास करताना चार्जर वडिलांच्या कारखान्यात लावला होता, कारण विजेचा मोकळा खटका तेथेच होता. भोवती वाळलेले भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा पडलेला, आणि कोपऱ्यात लाखेच्या रोगणाची व स्पिरिटची बाटली. प्रथम सापाने फूत्कार टाकावा तसा आवाज झाला, मग पांढरा धूर आला. मुलगा धावला. जळती बॅटरी त्याने पाटावरून तशीच ओढून ओट्यावर आणि तेथून अंगणात फेकली. उजवा तळहात भाजला. पूर्ण होत आलेल्या एका तंबोऱ्याच्या भोपळ्यावर आगीचा पट्टा उमटला. स्पिरिटची बाटली तेथून दोन हातांवर होती.

हे सारे मला दुसऱ्या दिवशी कळले, तेही त्याच्याच तोंडून. हाताला पट्टी बांधून तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माफ करा. तुमची बॅटरी माझ्या हातून जळाली. मी पैसे भरून देईन." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अरे, काही हरकत नाही. हाताला जप."

तो गेल्यावर माझ्या ध्यानात आले, की माझ्या अपराधाबद्दल मी त्याला क्षमा केली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कठोपनिषदातला नचिकेताचा बाप यज्ञात गाई दान देतो. पण त्या गाई म्हाताऱ्या, दुधाला पारख्या झालेल्या असतात, आणि मुलगा ते पाहून अस्वस्थ होतो. ही कथा मी तरुणपणी वाचली तेव्हा नचिकेताच्या जागी मी स्वतःला कल्पिले होते. त्या रात्री प्रथमच मी बापाच्या जागी उभा होतो. त्याच्या गाई निदान निरुपयोगी होत्या. माझी गाय मारकी होती, आणि ते मला ठाऊक होते.

सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मुलाचे वडील जमिनीवर बसून भाजलेला भोपळा खरवडीत होते. मी उभ्याउभ्याच सांगितले, की चूक मुलाची नाही, बॅटरी खराब होती. त्यांनी हातातले हत्यार खाली ठेवले आणि विचारले, "देताना तुम्हांला माहीत होतं?"

तीस वर्षांच्या अध्यापनात मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारलेला नाही. मी म्हणालो, "होतं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग नाही म्हणायचं होतं, सर. नाही म्हटलेलं चालतंय."

त्यांनी मला बसावयास पोते दिले, आतून चहा मागविला. मी काहीतरी बोलावयाचे म्हणून भिंतीशी निराळ्या ठेवलेल्या एका भोपळ्याकडे बोट दाखविले. त्याला बारीक चीर होती. ती बुजवून वर रोगण चढविले तर दिसणारही नाही, असे ते म्हणाले. मी विचारले, "मग हा कोणाला देणार?" ते म्हणाले, "कोणालाच नाही. जाणकार घेणार नाही. आणि शिकणाऱ्याला द्यायचा नाही, कारण त्याला कळत नाही." हे ते मला टोचून बोलले नाहीत, त्यांच्या धंद्यातली एक साधी रीत त्यांनी सांगितली. परंतु ज्याला कळत नाही त्याला वाईट वस्तू देता येते, या सोयीवर आपल्यापैकी कितीजणांचे औदार्य उभे आहे! आणि शिक्षकाचा तर सगळा व्यवहारच ज्यांना अद्याप कळत नाही त्यांच्याशी असतो.

मी मुलाला नवी बॅटरी आणि तीन कोषांची नाडी पाहणारा चार्जर घेऊन दिला. बॅटरी त्याने फुकट घेतली नाही. दहा हप्त्यांत पैसे देण्याचे त्याने ठरविले आहे आणि तीन दिलेही आहेत. तंबोऱ्याच्या नुकसानीचे मी विचारले तेव्हा त्याच्या वडिलांनी एक रक्कम सांगितली. ती कमी होती हे मला समजत होते. पण त्या घरात पुन्हा औदार्य दाखविण्याचा मला धीर झाला नाही.

राहिली होती ती दुसरी, किंचित फुगलेली बॅटरी. गेल्या रविवारी मुलाला बोलावून घेतले. अंगणात मोकळ्या जागी, वाळू भरलेल्या बादलीत ती ठेवली, आणि मोटारीच्या दिव्याचा एक लहान बल्ब तिच्या तारांना जोडला. बॅटरी अशी सावकाश पुरती रिती करावी, तारांची टोके झाकावी, आणि मग कचऱ्यात न टाकता विजेच्या भंगाराचा अधिकृत संग्रह करणाऱ्याकडे द्यावी, असा प्रघात आहे. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. आम्ही दोघे पायरीवर बसून दिव्याकडे पाहत राहिलो. त्याच्या तळहातावरची नवी कातडी गुलाबी दिसत होती. प्रथम पांढरा असलेला उजेड हळूहळू पिवळा झाला, मग तांबडा, मग दिव्यात नुसती एक तार उरली आणि तीही विझली.

आतून पत्नीने विचारले, "निघाला का रुसवा?"

मी वाकून पाहिले. बॅटरी रिती झाली होती. फुगवटा मात्र तसाच होता.